वेढेगावची पायली

१

चित्रा गुप्तेने तीस वर्षं संशय घेण्याची नोकरी केली होती. मुंबईतल्या एका संग्रहालयात वस्तू दाखल करून घेणं हे तिचं काम. दारात येणारी प्रत्येक मूर्ती, प्रत्येक ताम्रपट खोटाच आहे असं धरून चालायचं, हा त्या कामाचा पहिला नियम. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, पण सवय काही सुटली नाही. भाजीवाल्याचा काटा, सोसायटीची नोटीस, नवऱ्याचं ‘हा आलोच पाच मिनिटांत’, सगळ्याकडे ती भिंगातून बघितल्यासारखी बघायची.

ठाण्याच्या एका जुन्या मंडळाने तिला प्रदर्शन मांडायला बोलावलं ते या ख्यातीमुळेच. १९२७ साली मंडळातल्या काही हौशी वकील-मास्तरांनी कल्याणपलीकडे, खाडीकाठच्या वेढेगावात एक टेकाड खणलं होतं. सहा आठवड्यांची ती मोहीम पुढे अर्धवट सोडली आणि सगळे विसरून गेले. उरलं एवढंच: खापरांच्या दोन पेट्या, मोजणीदाराची नोंदवही, काचेवरचे चौदा फोटो आणि टेकाडात सापडलेली एक दगडी पायली. पायली म्हणजे धान्य मोजायचं आपलं नेहमीचंच माप, पण ही अखंड दगडाची, कंबरेला जरा बारीक, आतून गुळगुळीत. मोहिमेनंतर ती वेढेगावातच एका घरी राहिली होती. ते घर आवडाबाईंचं.

आवडाबाई पंच्याहत्तरीच्या. पायली त्यांनी कापडात गुंडाळून स्वतः नौपाड्यातल्या मंडळाच्या हॉलवर आणून दिली. आत काठोकाठ तांदूळ होते.

“दोन महिनं ठेवा, मंग मना परत द्या,” त्या म्हणाल्या. “पन रिती ठेवू नका, बाय.”

“नाही ठेवणार,” चित्रा म्हणाली.

हे वचन तिने ज्या सहजतेने दिलं, तितक्या सहजतेने तिने ते दुसऱ्या कुणाकडून घेतलं नसतं.

मांडणीचं काम केदार बघत होता. तिशीतला मुलगा, हुशार, पण सगळं संगणकावर. लेबलं किती उंचीवर लावायची यावरून दोघांची पहिल्याच दिवशी जुंपली. केदारकडे कुठलंतरी आंतरराष्ट्रीय प्रमाण होतं. चित्राने ते ऐकून घेतलं, चपला काढल्या, पाठ भिंतीला लावून सरळ उभी राहिली आणि सुताराला म्हणाली, “माझ्या डोळ्यांसमोर पेन्सिलीने खूण कर. लेबलाचा मध्य तिथे.” तीस वर्षं ती असंच करत आली होती. पाच फूट उंचीच्या बाईला जे मान न उचलता वाचता येतं ते सगळ्यांना वाचता येतं, असं तिचं म्हणणं. खुणा झाल्या, लेबलं लागली.

२

तांदळात टोके निघाले.

संग्रहालयात काम केलेल्या माणसाला असा किडा दिसला की घरात साप निघाल्यासारखं होतं. आज तांदळात, उद्या नोंदवहीच्या पानांत. चित्राचा नवरा बाळ त्या दुपारी डबा घेऊन आला होता. बाळ म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, पाच फूट नऊ इंच, ठाकुर्लीच्या त्यांच्या जुन्या सोसायटीत सगळ्यात उंच माणूस. लग्नात फोटोग्राफरने चित्राला पाटावर उभं केलं होतं. एरवी ती शेजारी उभी राहिली की तिच्या डोक्याचा भांग बरोबर त्याच्या हनुवटीखाली जायचा. चाळीस वर्षं तिथेच.

“अहो, एवढे तांदूळ काढून द्या. चमचा लावू नका, आत चरे पडतील. हाताने काढा.”

बाळने बाह्या सारल्या आणि मूठमूठ तांदूळ बाहेर काढू लागला. “लाभ, दोन, तीन, चार...” त्याची आजी धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. त्याला मोजायचं काहीच नव्हतं, पण मास्तरकी काही जात नाही.

“आवडाबाई रागावतील की गं.”

“त्यांना कोण सांगणार आहे? उद्घाटनाला टाकू थोडे.”

रिकामी पायली पुसून काचेच्या पेटीत ठेवली. पेटीची किल्ली एकच, आणि ती चित्राच्या पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायलीच्या तळाशी चिमूटभर भुकटी होती. करडी, तांदळाच्या पिठीहूनही बारीक. चित्राने आधी छताकडे पाहिलं, मग सुताराकडे, मग केदारकडे. कोण काय करतंय ते नंतर बघू, असं म्हणून तिने मऊ कुंचल्याने ती कागदाच्या पुडीत घेतली, वर तारीख घातली आणि सही केली.

पुडी हाताला किंचित कोमट लागली. तिने खिडकीतल्या उन्हाला बोल लावला.

३

फोटोंचा घोळ त्याच आठवड्यात निघाला.

जुन्या उत्खननांच्या फोटोंत एक माणूस उभा असतो. खड्डा किती खोल, भिंत किती उंच, हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. वेढेगावच्या मोहिमेत या कामाला राघो नावाचा मजूर होता, आवडाबाईंचा आजा. हातात चार फुटी काठी, तिच्यावर एकेक फुटाचे काळे-पांढरे पट्टे. पहिल्या फोटोत काठी राघोच्या छातीपर्यंत येत होती. पाचव्यात खांद्यापर्यंत. नवव्यात ती त्याच्या कानाला लागली होती.

“केदार, हे काय केलंयस?”

“काय केलं मॅडम?”

“माणूस लहान केलायस. गंमत म्हणून? लोकांना भुताटकी दाखवायला?”

“मॅडम, मी फक्त स्कॅन केलेत. फोटोशॉप करायला टाइम कुठेय मला? अजून दोन पॅनल बाकी आहेत.”

चित्राने काचा मागवल्या, उजेडावर धरल्या आणि भिंग लावून एकेक तपासली. काचा अस्सल होत्या. नऊ क्रमांकाच्या काचेवर काठी राघोच्या कानालाच होती. चेहरा तोच, मिशा त्याच. तेव्हा ती नोंदवहीकडे वळली. मोजणीदार नेमका माणूस असावा. प्रत्येक फोटोसमोर त्याने राघोची उंची लिहिली होती. ‘पाच फूट चार.’ ‘पाच फूट दोन.’ ‘चार फूट अकरा.’ नवव्यासमोर ‘चार फूट पाच.’ कुठे आश्चर्य नाही, उद्गारचिन्ह नाही. मधल्या पानांवर दर दोन दिवसांनी एकच वाक्य होतं: ‘पायली पुन्हा भरलेली आढळली. राघोकडून उपसून घेतली.’

खाडीकाठची जमीन, झिरपा असणारच, चित्राने स्वतःला समजावलं. राघोचे पाय चिखलात रुतले असतील. मोजणीदाराचा फूट झिजला असेल. या कारणांपैकी एकही तिला पटलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

चौदावी काच तिने पेटीत तशीच राहू दिली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘काठी उभी, राघोसह’, आणि नोंदवहीत तिच्यासमोर मात्र उंचीची जागा कोरी होती.

४

“चित्रा, हे पायजमे लांब झालेत की काय?”

बाळ आरशासमोर उभा होता. पायजम्याच्या घड्या टाचांखाली आल्या होत्या.

“धुऊन कधी लांब होतात का? आटतात,” ती म्हणाली, पण दात घासायची थांबली. त्याच्या शर्टाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या.

आपल्यापासून काही लपवलं जातंय, हा विचार तिच्या मनात सगळ्यात आधी येई. याला काहीतरी झालंय आणि हा सांगत नाही. तिने त्याच्या खणातली कागदपत्रं चाळली, औषधांची पाकिटं मोजली. मग सरळ नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे नेऊन उभं केलं.

“पाच फूट सात,” डॉक्टर म्हणाले.

“नऊ,” बाळ म्हणाला.

“काका, या वयात मणके बसतात थोडे. आणि खरं सांगू? पुरुषमाणसं उंचीत इंच-दोन इंच वाढवूनच सांगतात.”

बाळ हसला. चित्राही हसली. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा तिचा भांग त्याच्या खालच्या ओठाला लागत होता. तो ओठ थरथरत होता. बाळ घाबरला होता, आणि ती त्याच्यावर रागावली. घाबरायला कारण काय म्हणून.

५

पेटीला तिने कागदी पट्टी चिकटवली आणि पट्टीवर आडवी सही केली. सकाळी पट्टी अखंड असायची, सही जुळायची आणि पायलीत भुकटी असायची. आधी चिमूट, मग चमचा, मग ओंजळ.

रोज तिने ती काढली. दुसरं काय करणार? प्रदर्शनातली वस्तू स्वच्छ असायला हवी. अकरा दिवसांच्या अकरा पुड्या झाल्या, तारीखवार, सहीनिशी. त्या तिने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तपासायला पाठवल्या. कुणाच्या घरचं प्लास्टर, कुणाचा चुना, ते एकदा कागदावर आलं की गुन्हेगार सापडलाच. बाळने सुचवलं, पायलीच आधी परत देऊन टाकू. ती म्हणाली, हेच तर कुणालातरी हवंय. त्या बाईलाही असेल. वचन मोडलं हे तिला कळलं असेल आणि आता ती कुणाच्यातरी हातून हे करवून घेत असेल.

“काखेत कळसा असतो गं कधी कधी,” बाळ म्हणाला. त्याने पायजमे आतून दुमडून टाके घालून घेतले होते.

त्या दुपारी हॉलमध्ये ती एकटीच होती. खाली रिक्षांचे हॉर्न, समोरच्या दवाखान्यात कुणाचंतरी मूल रडत होतं. तिने चौदावी काच उजेडावर ठेवली.

रिकामा खड्डा. मध्यभागी पायली, काठोकाठ भरलेली. शेजारी काठी सरळ उभी. तिला धरायला कुणी नव्हतं. ही काठी उभी कशी राहिली, या नेहमीच्या कुतूहलाने तिने भिंग खाली खाली आणलं. सगळ्यात खालच्या पट्ट्यावर, जमिनीपासून वीतभर अंतरावर, काठीमागून चार इवली बोटं पुढे आली होती. त्यांनी काठी घट्ट धरली होती. ती मुलाची बोटं नव्हती. पेरांवर केस होते आणि बोटांना मजुराचे घट्टे होते.

चित्राने काच उलटी घालून ठेवली. पुढची दहा-पंधरा मिनिटं ती त्या रडणाऱ्या मुलाचा आवाज ऐकत बसली. तो आवाज थांबू नये असं तिला वाटत होतं.

६

वेढेगावला ती कल्याणहून रिक्षाने गेली. आवडाबाई ओटीवर जवळा निवडत होत्या. चित्राने सगळं सांगितलं. म्हणजे तिला वाटलं, सगळं सांगितलं.

आवडाबाई रागावल्या नाहीत. हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि पदराने बोटं पुसली.

“माझा बा सांगायचा. आजी आज्याला सुपात घेऊन उन्हात बसवायची. बोलायचा तो, बिडी मागायचा. मंग येक दिस सूप हलकं लागलं.”

चित्राने सुपाकडे पाहिलं. समोर तेच सूप नसणार, हे तिला माहीत होतं. तरी तिने पाय मागे घेतले.

“माझ्या नवऱ्याचं काय करू?” ती कशीबशी म्हणाली. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच खरं बोलत होती. “मला ते हवे आहेत, आवडाबाई. जेवढे उरलेत तेवढे तरी.”

“रिती केली कुनी? त्यानं?”

“हो.”

“मंग त्यानंच भरायची. सोताच्या हातानं, घरच्या तांदलानं, काठोकाठ. ज्यानं उपसली त्याला ती भरावी लागते, बाय. तांदलानं नाय भरली तर ती आपली आपन भरून घेते.” आवडाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “त्याच्यानंतर कुनी उपसली नाय ना?”

चित्राला अकरा पुड्या आठवल्या. पण वचन मोडल्याची कबुली एकदा देऊन झाली होती, पुन्हा किती द्यायची? आणि साफसफाई म्हणजे काही उपसणं नव्हे.

“नाही,” ती म्हणाली.

७

बाळने पायली भरली. घरचे तांदूळ डब्यातून आणले होते. “लाभ,” तो म्हणाला, आणि पहिल्या मुठीला त्याचा आवाज चिरकला. शेवटची मूठ टाकून त्याने वर हाताने शीग लावली. मग दोघं हॉलच्या पायऱ्यांवर बसून डबा खात राहिली. बाळने तिच्या पोळीवरचा गूळ उचलून खाल्ला. असं तो बरं वाटत असलं की करायचा.

आठवड्यात फरक दिसला. चित्राने रोज सकाळी त्याला शेजारी उभं करायला सुरुवात केली होती. तिचा भांग आधी त्याच्या ओठाला होता, मग ओठाच्या खाली, आणि दहाव्या दिवशी थेट हनुवटीखाली. चाळीस वर्षांच्या जागेवर! ती त्याच्या छातीवर डोकं टेकून चक्क रडली. मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

“मी उंच होतोय म्हणतेस?” बाळ म्हणाला. “पण पायजम्याचे टाके उसवून बघितले. टाचेखाली येतोय अजून.”

“नवीन शिवू. तो शिंपी मला पहिल्यापासूनच बरोबर वाटत नाही.”

एकच गोष्ट खटकत होती. बंद पेटीत, पायलीच्या भोवती, रोज सकाळी चार-पाच दाणे सांडलेले असायचे. जणू कुणी खालून ढकलून बाहेर काढले असावेत. रस्त्यावरून अवजड गाड्या जातात, हादरे बसतात, असं तिने केदारला समजावलं. या वेळी मात्र केदारच तिच्याकडे संशयाने बघत होता.

८

उद्घाटन सकाळी दहाला होतं. चित्राने ठेवणीतली नारायणपेठी नेसली. निऱ्या जास्त आल्या, काठ जमिनीला लागत होता. तिने तो आत खोचला. आरशात बघायला वेळ नव्हता.

हॉलमध्ये पोचली तेव्हा केदार टपाल फोडत होता.

“मॅडम, पुण्याचा रिपोर्ट आलाय. ‘अकरा नमुने. चुनखडीसारखा पदार्थ, ओळख पटली नाही. सर्व नमुने चाचणीत खर्च झाले असून परत करता येणार नाहीत.’ बस, एवढंच.”

“खर्च झाले? सगळे? निष्काळजी माणसं. ठेव तिथे.”

पाहुणे यायला अवकाश होता. ती सवयीप्रमाणे शेवटची फेरी मारायला निघाली. पहिला पॅनल, टेकाडाचा नकाशा. तिच्या नजरेसमोर कोरी भिंत आली. लेबल तिच्या कपाळाच्याही वर होतं. दुसऱ्याचंही तसंच. ती भराभर पुढे गेली, तिसरं, सातवं, नववं. एकूण एक लेबल वर गेलं होतं. राघोच्या फोटोखालचं वाचायला तिला मान मागे टाकावी लागली.

“केदार!” तिचा आवाज हॉलभर घुमला. “ही लेबलं कुणी वर सरकवली?”

केदार धावत आला. त्याच्यामागे बाळ, आणि दारात नुकत्याच पोचलेल्या आवडाबाई. केदारने लेबलाची कड हळूच उचलली. खाली सुताराची पेन्सिलीची खूण होती, जिथल्या तिथे.

“कुणीच नाही मॅडम. तुमच्याच खुणा आहेत ह्या.”

चित्राने त्याच्याकडे पाहिलं, मग सुताराला शोधलं, मग दाराकडे पाहिलं. आवडाबाईंनी काचेच्या पेटीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. त्या चित्राच्या साडीच्या खोचलेल्या काठाकडे बघत होत्या.

“बाय,” त्या म्हणाल्या, “तू मना सांगितलं नाय.”

आता संशय घ्यायला हॉलमध्ये कुणी उरलं नव्हतं. चित्राने चपला काढल्या. पाठ भिंतीला लावली, टाचा टेकवल्या आणि त्या पहिल्या दिवशीसारखी सरळ उभी राहिली. बाळने खिशातून पेन्सिल काढली. तो जवळ आला, वाकला, आणि त्याचा हात तिच्या डोक्यावर थांबला. मास्तरांना आकडा कळला होता. त्याचे ओठ हलले.

“सांगू नका,” चित्रा म्हणाली.